पाऊस नसला तरी शून्य लिहायचं



आज सकाळी सात वाजता पर्जन्यमापक बघितला. 0.43 इंच, म्हणजे 11 मिमी. वहीत लिहिलं आणि मग चहा घेतला.

गेल्या आठ महिन्यांपासून ही सवय लागलीय. बरेच जण विचारतात, "नाना, तुम्ही रोज पेजवर पाऊस टाकता. पाऊस नसला तर शून्य टाकता. उन्हाळाभर नुसती शून्यं टाकली. हे काय नवीन?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. मला हे शिकवणारा माणूस आपल्या भागातला नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला आहे, वय 79, रिटायर शेतकरी.

शेतकरी आणि रिटायर! मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. आपल्याकडं मास्तर रिटायर होतो, तलाठी रिटायर होतो. शेतकरी थकतो, नाहीतर जातो.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी लेकीकडं गेलो. मध्य आयोवातलं छोटं गाव, वस्ती हजाराच्या आत. जावई तिकडं इंजिनिअर आहेत. जवळचं विद्यापीठाचं शहर एम्स, अर्ध्या तासावर. (एम्स म्हणजे दवाखाना नव्हे, गावाचं नाव आहे.) पाच महिने राहिलो. पण निघताना घरात सगळं बरं नव्हतं, ते आधी सांगतो.

पोरगं तीन वर्षं मागं लागलं होतं, की नाना, खोडव्यात पाचट पेटवायचं नाही, सरीत कुट्टी करून ठेवायचं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जागेवर कुजवायचं. मी म्हणायचो, उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही, रान घाण दिसतं. फेब्रुवारीत ऊस तुटला. पोरगं एक दिवस तालुक्याला गेलं आणि मी काडी लावली. दोन एकर तासाभरात काळं. संध्याकाळी तो आला, बांधावर उभा राहिला, म्हणाला, "नाना, मला विचारायचं तरी." बस, एवढंच. पुढं मे महिन्यापर्यंत आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं. विमानतळावर पाया पडला, तेव्हाही काही बोलला नाही.

तर असा मी आयोवात पोचलो. पहिले चार दिवस झोपच लागेना. पहाटे चारला उठून बसायचो. लेक म्हणाली, "नाना, फिरून या, पण लांब जाऊ नका." लांब जायला भीती नव्हतीच, कारण रस्ते सगळे सरळ काटकोनात. एक मैल बाय एक मैल असा चौकोन, म्हणजे 640 एकर, आणि त्याच्या चारी बाजूंनी रस्ता. चौकोनाच्या मागं चौकोन, सगळीकडं मका नाहीतर सोयाबीन. विहीर नाही, मोटर नाही, पाट नाही. वर्षाला साधारण 900 मिमी पाऊस आणि तो बराचसा उन्हाळ्यातच. आपल्या क्षारपड रानात निचऱ्याला सच्छिद्र पाईप घालतात, तसे तिथं रानोरान तीन-चार फूट खोल पाईप आहेत. आपली शेती पाणी आणायची, त्यांची पाणी काढायची.

पाचव्या दिवशी सकाळी सातला शेजारच्या घरामागं एक म्हातारा खांबाजवळ वाकून काहीतरी बघताना दिसला. निळी डगळी चड्डी, तिला खांद्यावरनं पट्टे, डोक्याला बियाणं कंपनीची टोपी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हात वर केला.

माझं इंग्रजी दहावीपुरतं. त्यांनी खांबावरची नळी काढून दाखवली. बाहेर चार इंच व्यासाचं प्लॅस्टिकचं भांडं, वर नरसाळं, आत बारीक नळी. आतली नळी बरोबर एक इंच पावसाला भरते, जास्तीचा पाऊस बाहेरच्या भांड्यात उतरतो. इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येतं. हिवाळ्यात नरसाळं आणि नळी काढून ठेवायची, भांड्यात बर्फ पडू द्यायचा, तो वितळवून मोजायचा. आकडा रोज सकाळी फोनवरून कोकोराझ नावाच्या संस्थेला कळवायचा. 1997 मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला मोठा पूर आला. गावाच्या एका टोकाला किती कोसळतोय हे दुसऱ्या टोकाला कळलं नव्हतं. त्यानंतर 1998 पासून सामान्य माणसांनी आपापल्या घरामागं पाऊस मोजायचं हे काम सुरू झालं. पगार नाही, मानधन नाही. तिथलं हवामान खातं हे आकडे वापरतं.

त्या दिवशी भांडं कोरडं होतं, तरी त्यांनी 0.00 लिहिलं. मी खुणेनं विचारलं, कशाला? त्यांनी सावकाश सांगितलं, मी लेकीकडून पक्कं करून घेतलं. जागा रिकामी सोडली तर बघणाऱ्याला कसं कळणार, की त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजणारा माणूस नव्हता?

तिथं लहानथोर एकमेकांना नावानंच हाक मारतात. मला 79 वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारवेना. मी त्यांना "दादा" म्हणायला लागलो. त्यांना वाटलं मी टोपणनाव ठेवलंय. खूष झाले.

दादांची 240 एकर जमीन आहे. सगळी खंडानं दिलेली. त्या राज्यात सरासरी खंड एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास बसतो. 72 व्या वर्षी त्यांनी अवजारांचा लिलाव केला. लिलाव म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं बँकेची जप्ती येते. तिकडंही 1980 च्या दशकात शेतीवर मोठं संकट आलं होतं, तेव्हा कर्जापायी घरंच्या घरं लिलावात गेली, ते दादांनी डोळ्यांनी बघितलंय. पण रिटायर होतानाचा लिलाव वेगळा. अंगणात ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, हार्वेस्टर ओळीनं लावायचे. पंचक्रोशीतले शेतकरी येतात, चर्चच्या बायका जेवण विकतात, बोली लागते, संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं. दादा म्हणाले, त्या रात्री अंगणात गेलो तर पाय कुठं ठेवावा कळेना, एवढी जागा.

मग हा माणूस दिवसभर करतो काय? मीही महिनाभर तेच बघत होतो.

सातला पाऊस. मग गावातल्या धान्याच्या सहकारी सोसायटीत कॉफी. पाच-सहा म्हातारे जमतात. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे यावर फासे टाकतात. आपली पारावरची मंडळीच, फक्त टोप्या वेगळ्या. विषयसुद्धा तेच, भाव आणि पाऊस. तिथला भाव बुशेलवर. मक्याचं बुशेल 25.4 किलोचं. गंमत बघा, एक इंच पाऊस म्हणजेही 25.4 मिलिमीटर. मला हिशेब सोपा झाला.

मग गवत कापायचं. बसून चालवायच्या यंत्रावर दीड तास घराभोवतीचं एकरभर गवत कापतात आणि तसंच टाकतात. मला बघवेना. माझ्या दोन म्हशी जगल्या असत्या त्याच्यावर! एकदा मी लेकीच्या घरचा विळा घेऊन पेंढी बांधून दाखवली, तर त्यांनी तिचा फोटो काढून कॉफीवाल्यांना दाखवला.

रस्त्याकडेच्या चरातला एक तुकडा मात्र ते कापत नाहीत. तिथं मिल्कवीड वाढू देतात. पान तोडलं तर पांढरा चीक. म्हणलं ही तर आपल्या रुईची भावकी! खरंच एकाच कुळातली झाडं आहेत. मोनार्क नावाचं केशरी फुलपाखरू फक्त त्याच्यावर अंडी घालतं. पुढं थंडीच्या आधी ती फुलपाखरं मेक्सिकोच्या डोंगरात जातात. आपल्या रुईवर केशरी फुलपाखरू बसतं ना, ते त्याच्याच जातकुळीतलं.

दुपारी शेडमध्ये. तिथं त्यांच्या वडिलांचा लाल फार्मऑल एच ट्रॅक्टर. हे मॉडेल 1939 ते 1953 निघालं. ताकद आपल्या लहान ट्रॅक्टरएवढीच. दोन हिवाळे लागून त्यांनी तो खोलून पुन्हा उभा केलाय. मी रॉकेलात नट धुवून द्यायचो म्हणलं तर रॉकेलच नाही, दुसरं काहीतरी होतं, पण नट मीच धुतले. 4 जुलैच्या मिरवणुकीत दादा तो चालवत गेले, मी मागं ट्रॉलीत बसून पोरांना गोळ्या फेकल्या. पोळ्याची आठवण झाली.

संध्याकाळी परसातली बाग. गोड मका, टोमॅटो, घेवडा. मका दाण्यावर आला की रॅकून नावाचं मांजरापेक्षा थोरलं जनावर रात्रीत साफ करतं, म्हणून भोवती करंटची तार. आपल्याकडं रानडुकरं, तिकडं हे.

आता खरी गोष्ट.

दादांची जमीन शेजारच्या एका घरातला तिशीतला पोरगा करतो. मी गेलो तेव्हा त्याची सोयाबीन पेरणी चालली होती. रानात राय, म्हणजे गव्हाच्या भावकीतलं एक पीक, कमरेएवढं हिरवं उभं, आणि हा पठ्ठ्या त्याच्यातच पेरणीयंत्र घालतोय. नांगरट नाही, पाळी नाही. राय मागनं मारायची आणि जागेवर पडू द्यायची. मला तर ते रान म्हणजे तणाचं जंगल दिसलं. दादांकडं बघितलं. ते खिशात हात घालून उभे. तोंडावरून सरळ दिसत होतं की माणसाला हे पटलेलं नाही. पन्नास वर्षं त्यांनी रान काळंभोर करून मगच पेरलं होतं. तरी पोरानं ट्रॅक्टर थांबवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "छान चाललंय ना?" आणि घरी आले.

मी लेकीला विचारायला लावलं, बोलला का नाहीत? जमीन तर तुमची.

ते म्हणाले, त्यांचे वडील साठीतच रिटायर झाले होते, पण ऐंशीपर्यंत पिकअप गाडीतनं खाली उतरले नाहीत. रोज बांधाला गाडी लावून आत बसायचे. काच खाली घेतली की समजायचं, आता काहीतरी चुकलंय. "मी पन्नाशीत आलो तरी ती काच खाली यायच्या आवाजाला भीत होतो," म्हणाले.

मला माझी काडी आठवली. काही बोललो नाही.

जूनमध्ये एका रात्री पाऊस लागला. असा की छपरावर कुणीतरी खडी ओततंय. सकाळी सातला मी पळतच गेलो. आतली नळी भरून वाहिली होती. दादांनी ती रिकामी केली, बाहेरच्या भांड्यातलं पाणी नळीत ओतून मोजलं, पुन्हा ओतलं, पुन्हा मोजलं. 3.12 इंच. 79 मिमी एका रात्रीत. मग त्यांनी घरातनं काचेच्या दोन रिकाम्या बरण्या आणल्या आणि मला गाडीत बसवलं.

रस्त्याच्या अलीकडं दादांचं रान, पलीकडं दुसऱ्याचं नांगरलेलं. दोन्हीकडचं पाणी चरात येऊन मोरीपाशी मिळतं. मिळायच्या आधी दोन्हीकडचं एक-एक बरणी पाणी भरलं. पलीकडचं पाणी काळ्या चहासारखं. अलीकडचं जरा गढूळ, पण बरणीतनं पलीकडची बोटं दिसत होती. दोन्ही बरण्या शेडमध्ये फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एकीच्या तळाला ज्वारीच्या दाण्याएवढा जाड काळा थर. दुसरीत नुसती पुसट रेघ.

आता दोन बरण्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे इथले कृषी सहायक लगेच म्हणतील आणि ते खरं आहे. उतार वेगळा असेल, माती वेगळी असेल. पण दादा बराच वेळ त्या बरण्यांकडं बघत होते. म्हणाले, "मी काळं रान बघून पन्नास वर्षं खूष होत होतो. माझी किती माती मिसिसिपीत गेली, ते कधी मोजलं नाही. पाऊस मोजला, माती नाही."

मग मी सांगितलं. लेक मधे बसून इंग्रजी करत होती. म्हणलं, माझ्या पोरानं पण असंच ठेवायचं ठरवलं होतं, आणि तो घरी नसताना मी पेटवलं.

लेक थांबली. इंग्रजी केलंच नाही तिनं. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाना, तुम्ही पेटवलं? भाऊ तर मला म्हणाला, शेजारच्या बांधावरनं ठिणगी आली."

मंडळी, मला बोलता येईना. चार महिने तो माझ्याशी धड बोलला नव्हता, पण बहिणीपुढंसुद्धा त्यानं माझं झाकलं होतं.

लेकीनं मग सावकाश सगळं दादांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्यांची दोन पोरं, एक मिनियापोलिसला, एक कॅन्सस सिटीला. दोघंही चांगली, सणाला येतात, पण रानात पाऊल टाकणार नाहीत. दर वर्षी 1 मार्चला खंडाचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा दुसऱ्याच्या पोराबरोबर कागद करतात. "तुझा पोरगा तुझ्याच रानात राहिलाय, आणि तुझी चूकही स्वतःच्या अंगावर घेतोय. अजून काय पाहिजे?"

त्या रात्री साडेआठला फोन लावला. इथं सकाळचे सात. पोरगं मोटर चालू करायला निघालं होतं. म्हणलं, "पाचट मी पेटवलं, माझं चुकलं." तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "माहितीय की नाना. तिकडं पाऊस किती झाला?"

म्हणलं, 79 मिमी.

त्यानंतर रोज फोन व्हायचा. तो इथला पाऊस सांगायचा, मी तिथला. बहुतेक दिवशी त्याचं शून्य, नाहीतर माझं. पण फोन व्हायचा.

दादांच्या वह्यापण बघितल्या. बियाणं कंपन्या फुकट देतात त्या खिशातल्या छोट्या वह्या, 1971 पासूनच्या, खोक्यात भरलेल्या. 10 ऑगस्ट 2020 ला त्या भागात सरळ रेषेत धावणारं भयंकर वादळ आलं, डेरेचो म्हणतात त्याला. लाखो एकर मका लोळला. त्या दिवशीच्या पानावर दादांनी पावसाचा आकडा लिहिलाय आणि पुढं दोन शब्द, "कणगी गेली". त्यांची धान्याची लोखंडी कणगी उडून रस्त्यापलीकडं पडली होती. दुसऱ्या दिवशी परत सातची नोंद आहे.

सप्टेंबरअखेर सोयाबीनची काढणी लागली. एका सकाळी त्या पोराचा फोन आला, ट्रॉली चालवायला माणूस कमी आहे, याल का? दादा जेवायचे थांबले नाहीत. हार्वेस्टरच्या शेजारनं त्याच वेगानं मोठी ट्रॉली चालवायची, चालता-चालता धान्य त्यात पडतं. हाताखालचं काम आहे, निर्णय काही नाही. दहा दिवस 79 वर्षांचा माणूस रात्री नऊपर्यंत ट्रॅक्टरवर. रान एकरी 60 बुशेल उतरलं, म्हणजे सोळा क्विंटलच्या वर. दादांनी पोराला विचारलं नाही की नांगरून पेरलं असतं तर किती आलं असतं.

मी निघताना त्यांनी त्यांच्याकडचा जादाचा पर्जन्यमापक माझ्या पिशवीत घातला. मी त्यांना विळा दिला, तिथंच लेकीच्या घरी होता तो. दुसरं द्यायला काही नव्हतं.

घरी आल्यावर कारखान्याच्या नोंदी, मोटरीची किल्ली, औषधाच्या दुकानाची उधारीची वही, सगळं पोराच्या हातात दिलं. हे वाचायला सोपं आहे. अजून बऱ्याचदा जिभेवर येतं, एक-दोनदा बोलूनही गेलोय. यंदा जानेवारीत दुसऱ्या रानातला ऊस तुटला, पाचट जागेवरच ठेवलंय. पहिल्या पाण्याला मला कापरं भरलं होतं, पाणी खरंच सावकाश सरकत होतं. मी खिशात हात घालून उभा राहिलो आणि घरी आलो. खोडव्याचा उतारा किती पडतो ते तुटल्यावर इथंच लिहीन, कमी पडला तरी.

पर्जन्यमापक लावायचा असेल तर मोकळ्यावर लावा. झाड किंवा घर जेवढं उंच, त्याच्या दुप्पट अंतर तरी सोडा. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस आणि आपल्या रानातला पाऊस यात किती फरक पडतो, ते एका हंगामात कळेल. आणि पाऊस नसला तरी शून्य लिहा.

दादांचा मेसेज येतो, रोज त्यांच्या सकाळी. आज त्यांच्याकडं 0.00.

तुमच्याकडं किती झाला, खाली लिहा. थांबतो. रामराम.